‘व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही’ अशी पाटी लावणाऱ्यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

पाटी तुम्हाला पाठ असेलच. ‘या आवारात होणाऱ्या कोणत्याही इजेस, अपघातास अथवा नुकसानीस व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही. हुकुमावरून.’ कुणाच्या हुकुमावरून, ते लिहिलेलं नसतं. वाहनतळावर, व्यायामशाळेत, पोहण्याच्या तलावाशी, मुलांच्या बागेत, गोदामाच्या दारावर, लिफ्टशेजारी, सगळीकडे हीच. ज्यांनी ती रंगवून घेतली, किंवा आधीच्या लोकांनी लावलेली म्हणून तशीच राहू दिली, त्या सगळ्यांना हे पत्र आहे. मालक, चालक, विश्वस्त, समित्यांचे पदाधिकारी, खात्यांचे अधिकारी. जागा कागदोपत्री कुणाच्याही नावावर असो, तिच्या किल्ल्या, झाडू आणि दिव्यांची बटणं ज्याच्या हुकमतीत आहेत तो माझ्या लेखी ‘तुम्ही’. कायद्याच्या लेखीही बहुधा तोच.

मी इजेच्या भरपाईचे दावे चालवते. बहुतेक वेळा पडलेल्या माणसाच्या बाजूनं, कधीमधी तुमच्या. तेव्हा तटस्थपणाचा आव आणत नाही. पण दोन्हीकडची कागदपत्रं वाचून एक मत पक्कं झालं आहे: ही पाटी तुम्हाला वाचवत नाही. ती फक्त तुमच्या मनाची समजूत घालते, आणि एकदा समजूत पडली की जिन्याचा हलता कठडा आणखी काही महिने हलतच राहतो.

अशा पाटीची कोर्टात काय गत होते, ते लंडनमधल्या एका वाहनतळाच्या खटल्यात छान दिसतं. थॉर्नटन नावाचे एक ट्रम्पेटवादक गाडी लावायला गेले. फाटकावर माणूस नाही, नुसतं यंत्र. यंत्रानं तिकीट बाहेर काढलं, दिवा हिरवा झाला, गाडी आत गेली. तिकिटावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की आवारात लावलेल्या अटी लागू राहतील. त्या अटी आत, भिंतीवर, लांबलचक कलमांत. त्यांतल्या एकात इजेचीही जबाबदारी झटकलेली. परत गाडीशी आल्यावर तिथे झालेल्या अपघातात थॉर्नटन जबर जखमी झाले. वाहनतळवाल्यांनी पाटीकडे बोट दाखवलं. अपील न्यायालयानं १९७० मध्ये ते मानलं नाही. निकाल देणाऱ्या न्यायाधीशांपैकी लॉर्ड डेनिंग यांचा मुद्दा साधा होता. यंत्रानं तिकीट पुढे केलं तिथेच करार झाला; ग्राहक यंत्राशी हुज्जत घालू शकत नाही, त्याला शिव्या घातल्या तरी ते ढिम्म हलत नाही. मग आतल्या भिंतीवरची अट त्याच्या गळ्यात कशी मारणार? आणि इजेची जबाबदारी उडवून लावणारी अट इतकी जबर, की ती लागू करायची तर लाल शाईत छापून शेजारी लाल हाताचं चित्र काढून दाखवायला हवी.

यावर कुणी म्हणेल, ठीक, आम्ही लाल शाई वापरू. बरेच जण वापरतातही. पण १९७७ साली ब्रिटिश संसदेनं ती वाटही बंद केली. धंद्याच्या ओघात झालेल्या निष्काळजीपणामुळे कुणी मेलं किंवा जखमी झालं, तर त्याची जबाबदारी कोणत्याही करारानं वा पाटीनं टाळता येणार नाही, असं त्या कायद्यानं ठरवलं. शाई लाल असो की सोनेरी. वस्तूंच्या नुकसानीबाबत अट वाजवी आहे का, हे तपासायला वाव ठेवला; माणसाच्या हाडामांसाबाबत तेवढाही नाही. शिवाय त्यात एक बारकाईची गोष्ट आहे: माणसानं पाटी वाचली होती, म्हणजे त्यानं धोका राजीखुशीनं पत्करला, असं तेवढ्यावरून धरता येत नाही. युरोपीय समुदायानं १९९३ मध्ये ग्राहक-करारांतल्या अन्याय्य अटींची यादी काढली, तिच्यात पहिलंच नाव अशा अटींचं आहे. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९६३ मध्ये, रुग्णाला दाखल करताना इस्पितळानं सही करून घेतलेला ‘आमची जबाबदारी नाही’ हा कागद रद्दबातल ठरवला. उपचारांची गरज असलेला माणूस सही करणार नाही तर करणार काय?

सगळीकडे असंच आहे, असं मी म्हणत नाही. अमेरिकेच्या काही राज्यांत साहसी खेळांआधी सही करून घेतलेले कागद चालतात, आणि देशागणिक नियम बदलतात. पण भिंतीवर टांगलेली, कुणाची सही नसलेली, सरसकट सगळ्याला ‘नाही’ म्हणणारी पाटी ही या जातकुळीतली सगळ्यांत दुबळी चीज. तिच्यावर भिस्त ठेवून तुम्ही विम्याचा हप्ता चुकवत असाल, तर आज संध्याकाळीच तो भरून टाका.

आता तुम्ही म्हणाल, आमची पाटी जबाबदारी झटकणारी नाही, इशारा देणारी आहे. ‘फरशी ओली आहे’, ‘सावकाश चाला’, ‘पायरी सांभाळा’. इशाऱ्याचं मोल आहेच. मात्र इशारा कधी पुरतो आणि कधी पुरत नाही, याचं डेनिंग यांनीच १९६३ च्या एका निकालात दिलेलं उदाहरण मी माझ्या प्रत्येक अशिलाला सांगते. समजा, तुमच्या जागेत येण्याजाण्याची वाट एकच आहे, ओढ्यावरच्या लाकडी साकवावरून, आणि साकव कुजला आहे. तुम्ही पाटी लावली: ‘हा साकव धोकादायक आहे.’ पुरलं का? नाही. येणाऱ्यापुढे दुसरा मार्गच नाही. त्यानं पाटी वाचून करायचं काय, ओढ्यात उडी मारायची? आता समजा, शंभर पावलांवर दुसरा, धडधाकट साकव आहे. मग तीच पाटी पुरते. इंग्लंडच्या १९५७ च्या कायद्यात हेच तत्त्व आहे: इशारा दिला एवढ्यानं भागत नाही, त्या इशाऱ्यामुळे येणारा माणूस वाजवी प्रमाणात सुरक्षित राहू शकत होता का, ते बघायचं.

ही कसोटी घेऊन एकदा तुमच्या आवारातून फिरा. मजा येईल, आणि थोडी धास्तीही वाटेल. ‘पायरी सांभाळा’ लिहिलंय, पण जिन्यात दिवा नाही, सांभाळणार कशी? ‘फरशी ओली आहे’चा पिवळा फलक वर्षभर एकाच जागी उभा आहे, फरशी कोरडी असतानाही, त्याच्याकडे आता कोण बघतं? ‘लिफ्ट बंद असल्यास जिना वापरा’, आणि जिन्यात जुनी कपाटं रचलेली. ‘आपत्कालीन मार्ग’ लिहिलेल्या दाराला कुलूप. आगीच्या किती घटनांत माणसं आगीनं नाही, तर कुलपानं मेली, ते वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला सांगायला नको.

इथे एक गैरसमज बाजूला करते, कारण तुमच्यातले पुष्कळ प्रामाणिक लोक त्यापायीच वैतागतात. त्यांना वाटतं, कायदा अशक्य ते मागतो. कुणीही कुठेही पडलं की आमच्या नावानं बिल. तसं नाही. मॅंचेस्टरमधल्या एका क्रिकेट मैदानातून फटकावलेला चेंडू कुंपणावरून रस्त्यावर गेला आणि मिस स्टोन यांना लागला. तीसएक वर्षांत चेंडू असा बाहेर जाण्याचे प्रकार सहाएक झाले असतील. हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठानं, १९५१ मध्ये क्लबला दोषी धरलं नाही. धोका इतका विरळा होता की समंजस माणसानंही त्याकडे दुर्लक्ष केलं असतं. १९५३ मध्ये एका कारखान्याची बाजू घेतली. मुसळधार पावसानं कारखान्यात पाणी शिरलं, पाण्यात तेल मिसळलं, सगळी फरशी निसरडी. व्यवस्थापनानं असेल नसेल तेवढा लाकडाचा भुसा पसरला. भुसा संपला, काही पट्टे उघडे राहिले, त्यांतल्या एकावर कामगार घसरला. तेवढ्यासाठी सगळा कारखाना बंद ठेवायला हवा होता, असं न्यायाधीशांना वाटलं नाही. २००३ मध्ये तर पोहायला मनाई असलेल्या तळ्यात उथळ पाण्यात सूर मारून मान मोडून घेतलेल्या अठरा वर्षांच्या तरुणाचा दावा फेटाळला. त्या प्रकरणात करुणा वाटावी असं सगळंच होतं. तरी लॉर्ड्सनी म्हटलं, उथळ पाण्यात सूर मारणं धोक्याचं आहे हे जाणत्या माणसाला दिसतं, आणि एकाच्या धाडसापायी सगळ्यांचा तळ्याकाठ हिरावून घेणं बरोबर नाही. मला हा निकाल पटतो. माझ्या व्यवसायातल्या सगळ्यांनाच पटतो असं नाही.

मग कायदा मागतो काय? अमेरिकी न्यायाधीश लर्नेड हॅंड यांनी १९४७ मध्ये न्यूयॉर्क बंदरातल्या एका सुटलेल्या बार्जच्या, म्हणजे मालवाहू सपाट नौकेच्या, प्रकरणात याचा हिशेब मांडला. तीन गोष्टी बघा: अपघात होण्याची शक्यता किती, झाला तर नुकसान किती, आणि तो टाळण्याचा भार किती. पहिल्या दोहोंचा गुणाकार तिसरीपेक्षा मोठा असेल आणि तरी तुम्ही हात हलवले नाहीत, तर तो निष्काळजीपणा. माणसाच्या जिवाचा असा गुणाकार मांडणं मलाही रुक्ष वाटतं. पण कोर्टात उभं राहिल्यावर मला जाणवतं की हा हिशेब जखमी माणसाच्या कामी जास्त येतो. कारण तुमच्या आवारातल्या बहुतेक धोक्यांचा तिसरा आकडा हास्यास्पद लहान असतो. एक बल्ब. चार स्क्रू. पायरीच्या कडेला रंगाचा एक पट्टा. हौदाचं झाकण. काचेच्या दारावर डोळ्यांच्या उंचीला चिकटवायची पट्टी, म्हणजे दार उघडं समजून कुणी त्यावर जाऊन आदळणार नाही. उलटतपासणीत मी प्रतिवादीला विचारते, ‘हे दुरुस्त करायला काय लागलं असतं?’ आणि त्यानंतर जो सन्नाटा पसरतो, त्यातच अर्धा दावा निकालात निघालेला असतो.

कॅलिफोर्नियातला १९६८ चा एक खटला मला या बाबतीत फार बोलका वाटतो. ख्रिश्चन नावाच्या बाईंच्या घरी रोलंड नावाचे पाहुणे आले. न्हाणीघरातल्या नळाची चिनी मातीची मूठ तडकलेली होती. बाईंना ते ठाऊक होतं. महिनाभर आधी त्यांनी घरमालकाला मूठ बदलायला सांगितलंही होतं. पाहुण्याला मात्र सांगितलं नाही. मूठ हातात फुटली आणि रोलंड यांच्या हातातल्या कंडरा (स्नायू हाडाला बांधणारे दोर) व मज्जातंतू कापले गेले. तोवरच्या कायद्यात आलेला माणूस गिऱ्हाईक की पाहुणा की आगंतुक, यावर काळजीची पायरी ठरायची, आणि पाहुण्याचा नंबर खालचा होता. न्यायालयानं ती उतरंडच मोडीत काढली. आता या प्रकरणात धोका टाळायचा खर्च काय होता? ‘नळ जपून फिरवा, मूठ तडकली आहे’, एवढं वाक्य.

आणि हो, ‘आम्हाला ठाऊक नव्हतं’ हा बचाव. तो लंगडा आहे. दिल्लीच्या चांदनी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं दगावली, त्या प्रकरणाचा निकाल भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं १९६६ मध्ये दिला. महानगरपालिकेचं म्हणणं, दोष आतला होता, बाहेरून दिसत नव्हता. मनोरा ऐंशी वर्षांचा. त्यात वापरलेल्या चुन्याचं आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षं. न्यायालयानं म्हटलं, दोष दिसणारा असो की दडलेला, रस्त्यालगत वास्तू उभी असेल तर तिची वेळोवेळी तपासणी करणं मालकाचं कामच आहे. असे मनोरे आपोआप कोसळत नाहीत. कोसळला, याचा अर्थच कुणीतरी बघितलं नाही. याच धाटणीचा युक्तिवाद शंभर वर्षं आधी, १८६३ मध्ये, लिव्हरपूलच्या एका गोदामापाशी झाला होता. पिठाचं पिंप वरच्या खिडकीतून वाटसरूच्या अंगावर पडलं. ते कुणाच्या चुकीनं पडलं, हे त्या बिचाऱ्यानं कसं सांगायचं? न्यायाधीश म्हणाले, त्यानं सांगायची गरज नाही. पिंप तुमचं, खिडकी तुमची, तुम्हीच सांगा.

यावरून मी नोंदवहीकडे येते. माझ्या मते पाटीसाठी खर्च झालेला सगळा रंग या वहीवर खर्च व्हायला हवा होता. एका इंग्लिश सुपरमार्केटमध्ये १९७४ साली वॉर्ड नावाच्या बाई सांडलेल्या दह्यावरून घसरल्या. दुकानानं सांगितलं, आमच्याकडे फरशी दिवसातून पाच-सहा वेळा झाडतात. काही सांडलेलं दिसलं तर तिथेच थांबून सफाईवाल्याला बोलवायचं, अशी नोकरांना ताकीद आहे. कागदावर व्यवस्था चोख. पण त्या दिवशी, अपघाताआधी, शेवटची सफाई कधी झाली, याचा पुरावा दुकानाला देता आला नाही. आणखी एक गंमत: अपघातानंतर तीनएक आठवड्यांनी वॉर्डबाई त्याच दुकानात गेल्या, तेव्हा संत्र्याचं सरबत जमिनीवर सांडलेलं. बाई चिवट होत्या. पाव तास तिथे नजर ठेवून उभ्या राहिल्या. कुणी फिरकलं नाही. अपील न्यायालयानं १९७६ मध्ये बाईंच्या बाजूनं कौल दिला. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपण म्हणतो; पण पुढच्याच्या ठेचेची नोंदच झाली नाही, तर मागचा शहाणा व्हायचा कुठून?

‘तक्रारी लिहून ठेवल्या तर त्याच आपल्यावर उलटतात’, हा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलेला असतो. वकिलानंच दिलेला असण्याची शक्यता आहे, काय करणार. अर्धा खरा आहे तो. तक्रार लिहिलेली आणि पुढे कोरं, अशी वही खरोखर उलटते, उलटायलाच हवी. पण तक्रार, तिच्यापुढे कुणी बघितलं, काय केलं, कोणत्या तारखेला, अशी वही असेल तर तिच्यासारखा साक्षीदार नाही. तुमच्या बाजूनं लढताना मला जिंकून दिलं ते अशा वह्यांनीच. आणि वही नसली, म्हणजे तक्रारी नव्हत्या असं कुणी मानत नाही. शेजारी, नोकर सोडून गेलेला रखवालदार, कुणाच्या तरी फोनमधला जुना फोटो, कुणीतरी सांगतंच.

तुमच्या दारातून कोण येतं, हा विचार तुम्ही करता का? बहुतेक जागा एका काल्पनिक माणसासाठी बेतलेल्या असतात: वय तीस, नजर तीक्ष्ण, हात मोकळे, डोक्यात दुसरा विचार नाही. असा माणूस मला अजून भेटायचा आहे. १९५६ साली लंडनमध्ये वीजमंडळाच्या कामगारांनी फुटपाथवर चर खणला आणि टोकाला एक लांब दांड्याचं अवजार तिरकं टेकवून ठेवलं, एक टोक कठड्यावर दोन फूट उंच, दुसरं जमिनीवर. डोळस माणसाला तो अडसर पुरेसा होता. हेली नावाचे अंध गृहस्थ रोजच्या वाटेनं पांढरी काठी टेकत आले. काठी दांड्याच्या वरून गेली, पाय अडकला, ते पडले. आधीच अंध, आता जवळजवळ बहिरेही झाले. मंडळाचं म्हणणं, आम्ही सर्वसाधारण पादचाऱ्याची काळजी घेतली होती. लॉर्ड्सनी १९६४ मध्ये आकडा पुढे ठेवला: दर पाचशे माणसांत साधारण एक अंध. शहराच्या फुटपाथवरून अंध माणूस जाणार हे गृहीतच धरायला हवं. ग्लासगोच्या सार्वजनिक बागेत बेलाडोनाची लालचावणारी विषारी फळं खाऊन सात वर्षांचा मुलगा दगावला, तेव्हाही १९२२ मध्ये नगरपालिकेला हेच ऐकावं लागलं: दावा चालण्याजोगा आहे. मूल फळ बघितल्यावर हात पुढे करणारच. त्याला पाटी वाचता येत नाही.

तुमचे स्वतःचे कर्मचारीही याच दारातून येतात. एका डोळ्यानं आधीच अधू असलेल्या गॅरेज कामगाराचा दुसरा डोळा लोखंडाची कपची उडून गेला, तेव्हा ‘आम्ही कुणालाच चष्मे देत नाही’, हे उत्तर लॉर्ड्सना पटलं नव्हतं. ज्याचं जास्त गमवायचं आहे, त्याची जास्त काळजी. खिडक्या पुसणाऱ्याला दोर न देता वर चढवणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

‘ते काम कंत्राटदाराकडे दिलंय’, हे उत्तरही मी पुष्कळदा ऐकते. १९५७ चा कायदा इथे तुमच्याशी न्यायानं वागतो. काम कंत्राटदाराला देणं वाजवी होतं, तो त्या कामाचा जाणकार आहे याची तुम्ही जमेल तशी खात्री केली आणि काम नीट झालं का हे बघितलं, तर त्याची चूक तुमच्या माथी येत नाही. बघितलं मात्र पाहिजे. लिफ्टच्या यंत्रातलं तुम्हाला कळत नसेल, ते समजू शकतं. जिना धुतल्यावर पायऱ्यांवर साबण राहिलाय का, ते कळायला इंजिनिअर लागत नाही.

पडणाऱ्यांची चूक नसते का? असते. फोनमध्ये डोकं घालून जिना उतरणारे मीही बघते. १८०९ साली रस्त्यावर आडव्या टाकलेल्या वाशावर भरधाव घोडा घालणाऱ्या स्वाराला कोर्टानं छदामही दिला नाही, कारण त्यानं सावकाश चालवला असता तर वासा दिसला असता. पुढे सव्वाशेहून जास्त वर्षं इंग्लंडात हाच खाक्या: स्वतःची रतीभर चूक असली की सगळी भरपाई बुडाली. १९४५ मध्ये कायदा बदलला आणि ज्याची जेवढी चूक, तेवढी कपात, असं झालं. वर सांगितलेल्या थॉर्नटन यांच्याही वाट्याला अर्धा दोष आला होता. म्हणून, जखमी माणसाच्या चुकीकडे बोट दाखवणं हा तुमचा हक्क आहे. त्यानं तुमची बाजू हलकी होते. पुसली जात नाही.

भरपाईच्या रकमेवर लोक कुत्सित बोलतात, ‘पडल्याचं सोनं झालं’ वगैरे. दवाखान्याचं बिल हा त्या रकमेचा छोटासा भाग असतो. मनगट सांधलं तरी शिंप्याचं मनगट पूर्वीसारखं फिरत नाही. ट्रम्पेटवादकाचं, सुताराचं, टंकलेखकाचंही नाही. घरातल्या कुणाला तरी काम सोडून उशाशी बसावं लागतं, आणि तो हिशेब कुणी लिहून ठेवत नाही. कोर्ट पैशांत जेवढं परत देता येईल तेवढं देतं. त्यात समोरच्याच्या ठिसूळ हाडांबद्दल कुरकुर करता येत नाही. माणूस जसा दारात आला, तसाच तुम्हाला पत्करावा लागतो.

शेवटी अपघातानंतरच्या पहिल्या तासाबद्दल, कारण तुमचं खरं नुकसान तिथेच होतं. माणूस पडतो. तुमच्या लोकांना ताकीद असते: काही बोलू नका, सॉरी म्हणू नका, चूक कबूल केल्यासारखं होईल. मग चार माणसं भिंतीला टेकून बघत राहतात आणि पडलेला एकटाच उठायची धडपड करतो. या भीतीला आता फारसा आधार उरलेला नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं २००६ मध्ये स्वतंत्र कायदा करून दिलगिरी ही कबुली मानली जाणार नाही असं ठरवलं. त्याच वर्षी इंग्लंडच्या कायद्यातही आलं की माफी मागणं किंवा उपचार देऊ करणं म्हणजे आपोआप दोष मान्य करणं नव्हे. तुमच्याकडे काय नियम आहे ते विचारून घ्या, पण कुठल्याही कायद्यानं पाणी द्यायला, खुर्ची आणायला, घरच्यांना फोन लावायला बंदी केलेली मी तरी वाचलेली नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जण पैशांसाठी आलेले नसतात. ‘एकानंही विचारलं नाही’, हे त्यांचं पहिलं वाक्य असतं.

त्या तासात आणखी दोन गोष्टी करा. फरशी पुसण्याआधी, झाकण बसवण्याआधी, तुटलेली पायरी हलवण्याआधी फोटो काढा आणि वेळ लिहा. दुसरी, कॅमेऱ्याचं चित्रण त्याच दिवशी वेगळं काढून ठेवा. बहुतेक यंत्रं काही दिवसांनी जुन्यावर नवं चढवतात, आणि नोटीस तुमच्या हातात पडेपर्यंत ते गेलेलं असतं. मग ‘आपोआप पुसलं गेलं’ असं तुम्ही कितीही खरं सांगितलंत, तरी ऐकणाऱ्याच्या मनात शंका राहते. चित्रणात तुमची बाजू खरी दिसत असेल, तर ते गमावून तुमचंच नुकसान. नसेल दिसत, तर खटला पाच वर्षं न ओढता तडजोड करायची वेळ झाली आहे हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कळेल. जखमी माणसानं किंवा त्याच्या वकिलानं ते चित्रण मागितलं, तर प्रत द्या. मी मागितलं तर मलाही द्या. पोच मी लगेच देईन.

आपली,
इजेच्या भरपाईचे दावे चालवणारी एक वकील